डबल बेल : फेरी टिकते कशी, आणि वाचकांचे बाकीचे प्रश्न

मंडळी, मागच्या अंकात मी फक्त एवढंच विचारलं होतं की स्वतःची गाडी नसताना तुम्ही खेड्यात फिरता कसं, तर पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मिळून एवढा ढीग आला की बायको म्हणाली आता यांना पुन्हा ड्यूटीवर घ्या. नवीन वाचकांसाठी सांगतो, मी एसटीत अठ्ठावीस वर्षं कंडक्टर होतो, सगळी नोकरी माणदेशात, म्हणजे जिथं पावसाची आणि गाडीची वाट बघायची सवय माणसाला पाळण्यातच लागते. आता रिटायर. चारचाकी नाही, कधी नव्हती, एक सायकल आहे आणि ज्येष्ठांचं हाफ तिकीट मिळायला अजून दीड वर्ष बाकी आहे. तर सुरू करू.

माझी मुलगी अकरावी सायन्सला तालुक्याला जाते, गाव चौदा किलोमीटर आत. कॉलेज ५:१० ला सुटतं आणि आमच्या गावाची गाडी ४:४५ ला निघून जाते. पुढची साडेसातला, तोपर्यंत अंधार. फक्त पंचवीस मिनिटं गाडी पुढं ढकलायची आहे, दोन वेळा सरपंचांना सांगून झालं, काही होत नाही. कुणाला सांगायचं? – एक आई, ता. जत

ताई, सरपंचांना सांगून गाडीची वेळ बदलत नाही, आणि त्यात सरपंचांची चूक पण नाही. आधी हे समजून घ्या की तुमची ४:४५ ची गाडी ही काही तुमच्यासाठी दिवसभर स्टँडवर उभी नसते. ती सकाळी कुठल्यातरी गावातनं मुक्काम उठून निघालेली असते, मग तालुका, मग शाळेची फेरी, दुपारी दुसरंच कुठलंतरी गाव, मग तुमचं, आणि रात्री परत मुक्कामाला. ड्रायव्हर-कंडक्टरच्या ड्यूटीचे तास त्यात बसवलेले असतात. ही सगळी माळ आहे, एक मणी सरकवला की पुढचे सगळे सरकतात आणि पुढच्या गावातली दुसरी एक आई मला पत्र लिहिते की आमची गाडी पंचवीस मिनिटं उशिरा का करून ठेवली.

म्हणून पहिलं काम, ती गाडी तुमच्या आधी कुठं जाते आणि नंतर कुठं जाते ते काढा. कंडक्टरला विचारा, चहा पाजा, तो सांगतो. आमच्या लोकांना कुणी एवढ्या आपुलकीनं विचारतच नाही हो, सगळे फक्त "किती उशीर" एवढंच विचारतात. कधीकधी असं निघतं की गाडी आधीच्या फेरीवरून येऊन स्टँडवर अर्धा तास उभीच असते, किंवा पुढच्या फेरीला मोकळा वेळ आहे. मग काम सोपं. नसेल तर दोन फेऱ्यांची अदलाबदल होते का ते बघायचं. आगारात जाऊन "नवीन गाडी द्या" म्हटलं की उत्तर ठरलेलं, गाड्या कमी आहेत. आणि ते खोटं नसतं. पण "नवीन नको, हीच गाडी एवढी उशिरा सोडा, त्याआधी ही अमुक फेरी मारून येऊ दे" असं म्हटलं की समोरचा माणूस कागद-पेन काढतो.

दुसरं, कागद. त्या रस्त्यावरच्या सगळ्या गावांचे ग्रामसभेचे ठराव (एकट्या तुमच्या गावाचा नको, तीन-चार गावं धरा), कॉलेजच्या प्राचार्यांचं सुटायच्या वेळेचं पत्र, आणि मुला-मुलींची गाववार यादी पास नंबरसकट. अर्ज आगार व्यवस्थापकांच्या नावानं, एक प्रत विभाग नियंत्रकांना, आणि तुमच्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. पोच नसली तर अर्ज दिला की नाही हे फक्त तुम्हाला आणि देवाला माहीत. जमलं तर मे महिन्यातच द्या, जूनमध्ये शाळा सुरू झाली की आगारात पाय ठेवायला जागा नसते.

आणि पास. मुलीचा पास काढला आहे ना? बारावीपर्यंत गावातल्या मुलींना शाळा-कॉलेजला जायला अहिल्याबाई होळकर योजनेत फुकट पास आहे, आणि बाकी विद्यार्थ्यांना सुद्धा एक तृतीयांशच भरायचं असतं. २०२४ पासून तर शाळेतच पास द्यायला लागलेत. तरी कितीतरी पोरी पास न काढता कधी वडाप (माणसं भरून नेणारी खासगी जीप), कधी कुणाच्या मोटरसायकलवर, कधी पायी अशा जातात, आणि मग आगारातला माणूस रजिस्टर बघून म्हणतो, या रस्त्यावर पासच नऊ आहेत. नऊ पासांसाठी कोण माळ हलवेल? तुमच्या तालुक्याला मानव विकासची निळी गाडी असेल तर ते पण विचारा. मानव विकास कार्यक्रमात १२५ तालुके आहेत आणि ती गाडी मुलींच्या शाळेसाठीच असते, त्यामुळे शाळेच्या वेळेवर तिच्याबाबत तुम्ही हक्कानं बोलू शकता.

मी हे एवढं लांबवून सांगतोय कारण पुढची निम्मी पत्रं याच एका गोष्टीपाशी येतात. फेरी कशावर टिकते तर कंडक्टरच्या वेबिलावर, म्हणजे त्याच्या तिकिटांच्या हिशोबाच्या कागदावर. रात्री हिशोब देताना त्या फेरीला किती तिकिटं, किती उत्पन्न, किती किलोमीटर रिकामे गेले हे सगळं दिसतं, गाडी किती भरली त्याला आम्ही भारमान म्हणतो, आणि सहा महिने भारमान पडलेलं असलं की त्या फेरीवर लाल पेन फिरायला एक मिटिंग पुरते. "गाव तिथे एसटी" हे गाडीवर लिहायला छान आहे, पण गावानं पण थोडं एसटी तिथे असायला पाहिजे.

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका, रोज २२ किमी अप-डाऊन. सकाळी एसटीची वेळ जुळत नाही म्हणून काळी-पिवळीनं जाते. घरचे म्हणतात रिस्क आहे. खरंच आहे का? – एक शिक्षिका, जि. बीड

मॅडम, आहे. पण मी तुम्हाला "जाऊ नका" म्हणणार नाही, कारण शाळेचा हजेरीपट एसटीच्या वेळा बघत नाही. तुमच्याकडं काळी-पिवळी, आमच्याकडं वडाप, अलिबागकडं मिनीडोर, कुठं टमटम, कुठं मॅजिक, नावं वेगळी पण आत बसायची पद्धत एकच. पुढच्या सीटवर ड्रायव्हर धरून चार, मधल्याला गुडघे एका बाजूला घेऊन बसावं लागतं, गिअर टाकायचा म्हटलं की ड्रायव्हर "दादा जरा" म्हणतो, आणि स्वतः ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर. रिटायर झाल्यावर मी पहिल्यांदा असा पुढं बसलो तेव्हा माझा डावा हात सवयीनं सारखा बेलची दोरी शोधत होता.

काही गोष्टी मात्र बघत जा. पिवळी नंबरप्लेट असेल तर ती भाड्याची गाडी, परवाना आहे, इन्शुरन्स त्या हिशोबानं काढलेला असतो. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी पैसे घेऊन माणसं नेत असेल तर ते नियमाबाहेर, आणि अपघात झाला तर इन्शुरन्स कंपनी तिथंच बोट ठेवते, मग भरपाईसाठी कोर्टात वर्षं जातात. पिवळ्या प्लेटच्या गाडीत पण परवान्यापेक्षा जास्त माणसं भरली तर वाद होतोच. म्हणून मागच्या फळीवर लटकून, टपावर, किंवा पुढं चौथ्या जागेवर बसायचं नाही, दहा मिनिटं उशीर चालेल. रोजची एकच गाडी ठरवा, ड्रायव्हरचा नंबर घ्या, तुमच्यासारख्या तीन-चार मॅडम मिळून त्याला महिन्याचं ठरवून द्या. वडापवाल्याला पण रोजचं गिऱ्हाईक हवंच असतं, तो मग तुमची जागा ठेवतो आणि वर कुणी जास्त चढायला लागला तर "मॅडम बसल्यात" म्हणून खाली उतरवतो.

आता हे मी एसटीवाला असून सांगतोय याचं काही जणांना नवल वाटेल. पण वडाप का चालतं, याचं कारण सोपं आहे. एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा. तुम्ही दोन किलोमीटर जा नाहीतर सहा, पैसे एका टप्प्याचे. वडापवाला दोन किलोमीटरचे दोनचे घेतो, हात केला की घरासमोर थांबतो, आणि बाजाराच्या दिवशी कोंबडी, कोथिंबिरीची पेंडी, सासूबाई सगळं एकत्र घेतो. "हात दाखवा, गाडी थांबवा" ही योजना एसटीची, पण पाळली वडापवाल्यांनी! आणि २०२१ च्या नोव्हेंबरपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत संप चालला तेव्हा गावंच्या गावं वडापवर गेली ती सगळी परत आली नाहीत. ज्या माणसाची पाच महिन्यांत सवय मोडली तो स्टँडवर येऊन उभा राहत नाही, तो फाट्यावरच उभा राहतो.

एक विनंती करतो, महिन्यातनं जेवढे दिवस जमेल तेवढे दिवस येताना तरी एसटीनं या. संध्याकाळच्या फेरीला तुमची आणि तुमच्या मैत्रिणींची चार तिकिटं रोज पडली तर ती फेरी उन्हाळ्याच्या सुट्टीत सुद्धा जिवंत राहील.

महिलांना हाफ तिकीट दिल्यापासून बसायला जागा मिळत नाही, पूर्ण पैसे देऊन आम्ही उभे. यानं एसटी बुडणार नाही का? – एक फुल तिकीटवाला, जि. धुळे

साहेब, तुमचा राग समजतो पण हिशोब चुकतोय. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यातला उरलेला अर्धा सरकारनं महामंडळाला द्यायचा असतो. म्हणजे वेबिलावर बाई हाफ नसते, ती एक माणूस असते, आणि भारमानात पूर्ण धरली जाते. तुमच्या फेरीला गर्दी आहे म्हणजे ती फेरी टिकणार. उभं राहण्याचं दुःख वेगळं, त्यावर उपाय म्हणजे गाडी लागायच्या आधी येणे. खिडकीतनं रुमाल टाकून जागा धरायची पद्धत मी नोकरीत असताना मानत नव्हतो, आता मानतो. आणि घरी विचारून बघा, वहिनी हाफ तिकिटावर माहेरी महिन्यातनं किती वेळा जायला लागल्या ते. तुमची तक्रार तिथं असेल तर मी काही करू शकत नाही.

मी पुण्यात आयटीत आहे, आई-बाबा गुहागर तालुक्यात वाडीत राहतात, बाबा ७६, आई ७०. रस्ता आहे पण स्टॉप दीड किमी चढ उतरून. बाबांना गाडी चालवता येत नाही. एक छोटी कार घेऊन गावातल्या एखाद्या मुलाला ड्रायव्हर ठेवावा का? बायको म्हणते फालतू खर्च. – एक मुलगा, पुणे

बायको बरोबर म्हणतेय. आता का ते सांगतो.

कार घेतली तर ती महिन्यातले पंचवीस दिवस अंगणात ताडपत्रीखाली उभी राहणार. कोकणात उभ्या गाडीचं काय होतं ते कुठल्याही चाकरमान्याला विचार, बॅटरी उतरते, उंदीर वायरी कुरतडतात, आणि गणपतीला तू येशील तेव्हा पहिले दोन दिवस मेकॅनिक शोधण्यात. शिवाय "गावातला एखादा मुलगा" हा जो आहे ना, तो दोन वर्षांत मुंबईला जातो. मग बाबा रोज गाडीकडं बघणार आणि तुला फोन करणार की हप्ता चालूच आहे का रे.

त्यापेक्षा असं कर. वाडीत किंवा शेजारच्या वाडीत कुणाची तरी रिक्षा असतेच. पुढच्या वेळी जाशील तेव्हा त्याच्या घरी जा, बस, सरळ बोल की महिन्याला एवढे पैसे मी तुला गूगल पे करीन, आई-बाबांना महिन्यातनं चार वेळा स्टॉपवर किंवा बाजारात नेऊन आणायचं, आणि रात्री-अपरात्री फोन आला तर तू यायचं, त्याचे वेगळे. पैसे बाबांच्या हातातनं द्यायचे नाहीत, ते घासाघीस करतात आणि मग तो माणूस फोन उचलत नाही. तुझा कारचा हप्ता जेवढा बसेल त्याच्या चौथ्या भागात हे सगळं होतं.

पुढं एसटी. बाबा पंचाहत्तरच्या वर आहेत म्हणजे ऑगस्ट २०२२ पासून त्यांना राज्यात एसटीचा प्रवास फुकट आहे, आईला ज्येष्ठ म्हणून अर्धं. आधार कार्ड खिशात पाहिजे, फक्त तेवढं बघ, कारण बाबा लोकांना वाटतं आपला पांढरा केस हेच कार्ड. आणि कंडक्टर त्यांना शून्य रुपयाचं तिकीट देईल ते नको म्हणू नका, ते फाडलं म्हणजे माणूस मोजला गेला. कितीतरी म्हातारी माणसं म्हणतात "फुकटच आहे तर कशाला कागद वाया घालवतोस बाळा", अहो त्या कागदावरच तुमच्या वाडीची गाडी उभी आहे!

आणि तुझ्या आत्या दापोलीकडं असतात असं तू लिहिलंयस, आई-बाबांना त्यांच्याकडं जायचं असतं पण रस्त्यानं खेड-चिपळूणचा केवढा वळसा. धोपाव्याहून दाभोळला फेरीबोट आहे ना! त्या बोटीत गाड्या चढतात म्हणून लोकांना वाटतं ती गाडीवाल्यांसाठीच आहे, पण पायी चढून माणशी तिकीट काढून पलीकडं उतरता येतं, खाडी पार करायला काही मिनिटं लागतात. दाभोळला उतरलं की दापोलीची एसटी. बाबांना एकदा तू स्वतः घेऊन जा, दुसऱ्या वेळेला ते शेजाऱ्यांना घेऊन जातील. माझ्या माहितीतले एक गुरुजी असे दर महिन्याला बहिणीकडं जातात आणि येताना बोटीत उभं राहून कठड्यावर हात ठेवून असे बघत असतात की जणू ही बोट त्यांनीच बांधली.

वडिलांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस, शहर ३८ किमी. प्रत्येक वेळी गाडी भाड्यानं करणं परवडत नाही. आणि रात्री काही झालं तर काय करायचं? – एक शेतकरी, जि. यवतमाळ

भाऊ, पहिलं म्हणजे डायलिसिसच्या पेशंटला एसटीच्या साध्या गाडीत प्रवासाची सवलत आहे, त्यासाठी हॉस्पिटलचं सर्टिफिकेट लागतं, जिथं डायलिसिस होतं तिथंच मागा आणि आगारात दाखवून नीट समजून घ्या. दुसरं, डायलिसिसची वेळ गाडीच्या वेळेवर बसवा, उलटं नको. एका वेळेला साधारण चार तास लागतात, त्यामुळे सकाळच्या पहिल्या पाळीत नंबर मागा आणि त्यांना सांगा का मागताय ते. तिथल्या सिस्टर लोकांना खेड्यातल्या पेशंटची अडचण माहीत असते, फक्त आपण बोलत नाही. येताना माणूस गळून गेलेला असतो, बीपी खाली असतं, उभं राहू द्यायचं नाही. कंडक्टरला चढतानाच सांगा "डायलिसिसचं पेशंट आहे", पुढची सीट मिळते, मी स्वतः कितीतरी वेळा धडधाकट पोरांना उठवलंय, एखादा कुरकुरला तर बाकीची गाडीच त्याला बघून घेते.

रात्रीचं सांगतो, १०८ लावा. फुकट आहे, चोवीस तास, आणि गाडीत डॉक्टर असतो. गरोदर बाई किंवा लहान बाळ असेल तर १०२. पण आमच्याकडच्या लोकांची फोनवर होणारी चूक म्हणजे "आमच्या गावात या, सगळे ओळखतात" असं सांगणे. तालुका, मोठ्या रस्त्यावरचा फाटा, फाट्यापासून किती किलोमीटर, डावीकडं की उजवीकडं, हे एका कागदावर लिहून घरात फोनजवळ चिकटवून ठेवा, घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या गावाचा पत्ता आठवत नाही. आणि एक जण टॉर्च घेऊन फाट्यावर उभा करा.

मोबाईलवर मॅपमध्ये आमच्या गावाची बसच दिसत नाही. वेळापत्रक मिळतं कुठं? आणि फाट्यापासून गाव तीन किमी, त्याचं काय? – एक पदवीधर, जि. हिंगोली

मॅपला नाही दिसत, पण फाट्यावरच्या चहावाल्याला दिसतं. हसू नका, खरं सांगतोय. गाडी आली, गेली, रद्द झाली, ड्रायव्हर आज कोण आहे, हे सगळं त्याला माहीत असतं, त्याचा नंबर सेव्ह करून ठेवा. पेपर टाकणारा पोरगा दुसरा, कारण त्याचे गठ्ठे पहाटेच्या गाडीनं येतात. स्टँडवरच्या भिंतीवर रंगवलेलं वेळापत्रक असतं त्याचा फोटो काढा पण त्यावर जीव टाकू नका, भिंत रंगवून बरीच वर्षं झालेली असतात. खात्री करायची तर आगाराच्या चौकशीचा फोन. आणि अप-डाऊनवाल्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढा, नियम एकच, त्यात फक्त गाडी, गुड मॉर्निंग नाही. (हा नियम चार दिवस टिकतो, पण ते चार दिवस चांगले जातात.)

तीन किलोमीटरचं उत्तर सायकल. चहावाल्याकडं लावायची, त्याला महिन्याला काहीतरी द्यायचं, संध्याकाळी उतरलं की घेऊन जायचं. मी हेच करतो. पदवी झाल्यावर सायकल चालवायला लाज वाटते असं तुम्ही पत्रात पुढं लिहिलंय, त्यावर माझ्याकडं औषध नाही.

गोव्यात आठ दिवस जाणार आहोत, गाडी नाही, स्कूटी कुणाला येत नाही. टॅक्सीला खिसा फाटतो म्हणतात. आतली गावं बघता येतील का? – दोघी मैत्रिणी, सोलापूर

येतील की. कदंबाच्या, म्हणजे तिथल्या सरकारी, आणि खासगी छोट्या बसेस मोठ्या गावांमधनं सारख्या सुटतात, खासगी बसचा कंडक्टर दारात लटकून शिट्ट्या मारत गावांची नावं ओरडतो, आमच्यापेक्षा त्याचा आवाज चांगला. एकट्या माणसासाठी मोटरसायकल पायलट असतात, पिवळा मडगार्ड बघायचा, मागं बसायचं, दर आधी ठरवायचा. तुम्ही दोघी म्हणजे दोन पायलट. पणजीपासून जवळच रायबंदरला जा आणि फेरीबोटीनं चोडण बेटावर उतरा, निम्मा दिवस तिथंच जाईल. संध्याकाळी मात्र लवकर परत फिरा, आतल्या गावांच्या बसेस अंधार पडला की विरळ होतात, या बाबतीत गोवा आणि माणदेश सख्खे भाऊ.

आजोबा, एक बेल आणि दोन बेल म्हणजे काय? तुम्ही कधी कुणाला सोडून बेल मारली का? – इयत्ता सहावी, जि. सातारा

बाळा, एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. दोरी गाडीच्या छताला लांब बांधलेली असायची, ओढली की ड्रायव्हरच्या डोक्याजवळ टण्ण. हल्ली काही गाड्यांत बटण असतं, त्यात मजा नाही.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, हो, मारली. ९६ किंवा ९७ साल असेल. आमची मुक्कामी गाडी होती, रात्री गावात जाऊन थांबायची, आम्ही दोघं मारुतीच्या देवळात झोपायचो, पहाटे सहाला गाडी निघायची. गावाच्या बाहेर वस्तीवरनं एक म्हातारी वांग्याची पाटी घेऊन बाजाराला यायची, आठवड्यातनं एकदा. गाडी काढताना मी आधी मागं बघायचो, ती ओढ्यातनं वर येताना दिसायची, मग आम्ही थांबायचो. त्या सकाळचं माझ्या वेबिलावरचं पहिलं तिकीट तिचं असायचं, आणि चिमट्यानं भोक पाडून हातात दिलं की ते ती पदराच्या गाठीत बांधायची, पाटीचं वेगळं तिकीट पण मागून घ्यायची, "नंतर कुणी तपासायला आलं तर तुझी नोकरी जाईल" म्हणायची.

एके दिवशी थंडी होती, आम्हाला उशीर झालेला, आदल्या दिवशी पण झालेला, ड्रायव्हर तणतणत होता. मी मागं बघितलंच नाही, दोन बेल मारल्या. गाडी वळणावर आली तेव्हा ड्रायव्हरनंच आरशात बघितलं आणि म्हणाला, म्हातारी पळतेय बघ पाटी घेऊन. मी म्हटलं चल. तालुका अकरा किलोमीटर. दहाच्या सुमाराला आम्ही दुसरी फेरी घेऊन परत निघालो तेव्हा ती बाजाराच्या तोंडाशी बसलेली दिसली, पाटी समोर, पायात काही नाही.

पुढच्या आठवड्यात ती आली. मी आधीपासून गाडीच्या मागं उभा होतो, पाटी मी उचलून आत ठेवली. ती काही बोलली नाही. पैसे मोजून हातावर ठेवले, तिचे आणि पाटीचे, बरोबर सुट्टे.